मांडी अडकलीय

मंगळवारी बॅगेची चेन लावून झाली आणि त्याच वेळी वडिलांनी मागच्या गॅलरीतून हाक मारली. "बारके, इकडे ये जरा." त्रेचाळीस वर्षांच्या बाईला बारके म्हणणारं आता जगात हे एकच माणूस उरलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी दोन होती.

ती मागे गेली. गॅलरी म्हणजे खरं तर मागच्या भिंतीला चिकटलेली एक अरुंद पट्टी. एका बाजूला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, दुसऱ्या बाजूला एकावर एक असे चार पिंजरे. आईचे ससे. लांब लोकरीचे, अंगोरा जातीचे. आई त्यांना विंचरायची, निघालेली लोकर कातायची आणि टोप्या विणणाऱ्या बायकांना द्यायची. हे सगळं तिने सुरू केलं ते वडील कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, म्हणजे मुलगी घर सोडून गेल्याला दहा वर्षं झाल्यावर. त्यामुळे मुलीला सशांबद्दल जे काही ठाऊक होतं ते फोनवरचं.

सगळ्यात खालच्या पिंजऱ्यात मास्तरीण होती. करडी, जाडजूड, आणि समोरच्याचा गृहपाठ झालेला नाही हे आधीच माहीत असल्यासारखी बघणारी. म्हणून आईने ठेवलेलं नाव. तिच्या मागे, जाळीच्या उघड्या तळावर, सहा गुलाबी जीव पडले होते. अंगठ्याएवढे. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. दोन गार झाले होते. चार वळवळत होते, आणि मास्तरीण त्यांच्याकडे पाठ करून गवत चावत होती.

कोणाला काही माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नव्हती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केलेला होता आणि खाली आईच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'मास्तरीण. खोकं ठेवणे.' हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तिने मास्तरणीला नराकडे सोडलं असणार आणि दिवस मोजून ठेवले असणार. मुलगी तीन आठवडे त्या कॅलेंडरसमोर उभी राहून चहा करत होती. हातात पडेल ते वाचणारी म्हणून घरात तिची चेष्टा व्हायची, पण हे तिने वाचलं नव्हतं.

चारही पिल्लं तिने ओच्यात घेतली. दोन गार झालेली वडिलांनी वर्तमानपत्रात गुंडाळली.

जनावरांचे डॉक्टर दोन रस्ते पलीकडे बसायचे. पिल्लं पाहून ते म्हणाले की आईला धरून पाजा, दिवसातून एकदा, पाच मिनिटं पुरतात; सशाची आई एरवीही तेवढंच पाजते. नाहीच जमलं तर शेळीचं दूध, कोमट, सुई काढलेल्या सिरिंजने, थेंब थेंब. आणि प्रत्येक वेळी पाजून झालं की ओल्या फडक्याने पोटाखाली पुसायचं, नाहीतर त्यांना लघवी होत नाही आणि तेवढ्यानेही ती दगावतात.

"आईचं दूध चार-पाच दिवस टिकेल. कोणी प्यायलं नाही तर आटून जाईल," डॉक्टर म्हणाले. "आणि हाताने वाढवलेली जगतीलच असं नाही, ताई. उगीच खोटं कशाला सांगू."

घरी येऊन त्यांनी मास्तरणीला धरून पाहिलं. वडिलांचे दंड अजून वेल्डरचे होते, पण मनगटापुढे दोन वर्षांपासून कंप होता. चहाचा कपसुद्धा ते दोन्ही हातांनी धरायचे. तो कंप मास्तरणीला कळला असावा. तिने एकच लाथ अशी मारली की मुलीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा उठला आणि एक पिल्लू उडून थेट दोरीवरच्या टॉवेलात जाऊन अडकलं. जगलं ते, कसं कोण जाणे.

"आई काय करायची हिला?" रक्त धुता धुता तिने विचारलं.

"ती बघायची सगळं," वडील म्हणाले. "मला काय ठाऊक."

बुधवारचं तिकीट तिने रविवारवर ढकललं आणि कामावर फोन केला. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. मेणात दात कोरायचे, दाढेचे उंचवटे, त्यांच्यामधल्या खाचा. एकोणीस वर्षं ती त्याच खिडकीजवळच्या बाकावर बसत होती. मालकीणबाईंनी आईबद्दल हळहळ व्यक्त केली, ससे हा शब्द पुन्हा विचारून घेतला आणि मग म्हणाल्या की सोमवारी ती बाकावर हवी. नवीन मुलगी हुशार आहे, खिडकीची जागा तिला द्यायची माझी इच्छा नाही, पण काम थांबत नाही. धमकी नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. धमकीवर चिडता तरी येतं.

मग पाजणं सुरू झालं. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात. वडिलांच्या बुटांच्या खोक्यात जुन्या स्वेटरच्या बाह्या अंथरल्या, खाली गरम पाण्याची पिशवी. एकेका पिल्लाला वीस मिनिटं लागायची. मांडीवर फडकं, फडक्यावर पिल्लू, दोन बोटांत डोकं, आणि ओठांच्या कडेला एक थेंब. तो गिळला की दुसरा. घाई केली की दूध नाकात जातं. मग पोट पुसणं, मग सिरिंज उकळणं, पिशवीतलं पाणी बदलणं, आणि तेवढ्यात वरच्या तीन पिंजऱ्यांतले आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून जाळीवर पाय आपटायला लागायचे. हे सगळं उरकून ती खिडकीशी उभी राहायची. पुढच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती, हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल इतकी जवळ. त्या भिंतीवरच्या एका पाइपाचे सांधे तिला पाठ झाले.

वडील मात्र खुलले. आई गेल्यापासून ते जेवायला बसले की ताटाकडे बघत राहायचे. आता ते तिच्यासाठी सफरचंद कापून आणू लागले, वेड्यावाकड्या फोडी. बातम्या वाचून दाखवू लागले. पिल्लांची लिंगं ओळखून दाखवतो म्हणाले आणि चौघांनाही नर ठरवलं. गुरुवारी सकाळी ती उठली तर खाटेच्या पायाशी बॅग नव्हती. कपाटावर होती, अगदी मागे, भिंतीला टेकवून.

"पायात येत होती," वडील म्हणाले.

"रविवारी लागेल मला ती."

"रविवारी?" ते म्हणाले. "दहाव्या दिवशी डोळे उघडतात त्यांचे. तोवर तरी थांबशील ना."

तिने पुढचं पिल्लू मांडीवर घेतलं. जरा वेळाने, जणू दुसराच विषय काढावा तसं, ते म्हणाले की डोळे उघडले म्हणजे झालं असंही नसतं म्हणा. तीन आठवड्यांनी गवताला तोंड लावतात. मग खरी सुटका.

ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांना बरंच ठाऊक होतं. हे तिच्या ध्यानात आलं, पण मांडीवर पिल्लू होतं आणि हातात सिरिंज, आणि अशा वेळी माणूस एकाच थेंबाचा विचार करू शकतं.

परगावी राहणाऱ्या भावाचाही फोन येऊन गेला. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, असं तो तीनदा म्हणाला. निर्धास्त माणसं फोन लवकर ठेवतात.

गुरुवारी दुपारी, तिसरं पिल्लू पाजताना, पुन्हा फोन वाजला. लॅबचा होता. कोणाच्या तरी वरच्या जबड्याचा साचा तिने कुठे ठेवला ते विचारत होते. फोन खांद्याने कानाशी धरून ती सांगायला लागली आणि अंगठा जरा जास्त दाबला गेला. पिल्लाच्या नाकावर पांढरा बुडबुडा आला.

"मी नंतर करते," ती म्हणाली. "आत्ता नको. मांडी..."

पुढचं वाक्य तिचं नव्हतं. ते आईचं होतं. कैक रविवारी सकाळी ती आईला फोन करायची आणि आई म्हणायची, "आत्ता नको गं, मांडी अडकलीय." पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. पाचव्या-सहाव्या वेळी वाटलं, ही टाळतेय. जी बाई आयुष्यभर पाच मिनिटं एका जागी बसली नाही, तिची मांडी कशात अडकते? विचारायचं राहिलं, कारण विचारलं असतं तर राग दिसला असता. मग तिने रविवारचे फोन बंद केले. महिन्याकाठी एखादा, तोही मधल्या वारी, लॅबमधून निघताना चालता चालता. आईनेही कधी विचारलं नाही की रविवारी का करत नाहीस.

पिल्लू उलटं धरून तिने नाक पुसलं, पाठीवर बोट फिरवलं. दहा मिनिटं ते धडपडलं आणि मग थांबलं. तिने ते रिकाम्या कुंडीत पुरलं आणि सिरिंज तीनदा उकळली. रडू आलं नाही. आईच्या वेळीही आलं नव्हतं. भेटायला आलेल्या बायकांनी त्याबद्दल एकमेकींकडे पाहून घेतलं होतं.

शनिवारी दुपारी शेजारच्या शिवणकाकू आल्या. जिन्याशेजारच्या खोलीत त्यांचं मशीन होतं, आणि अख्ख्या इमारतीच्या पडद्यांपासून झबल्यांपर्यंत सगळं त्याच मशीनखालून गेलेलं. आईची त्यांच्याशी तीस वर्षांची मैत्री होती आणि तेवढ्याच वर्षांचं भांडण. काकू आल्या त्या भाजीचं भांडं परत द्यायला, पण पिल्लं पाहायला टेकल्या. मुलगी शेवटच्या पिल्लाचं पोट पुसत होती. काकूंनी तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं, उजेडात धरलं, आणि कडेच्या शिवणीवरून नख फिरवलं.

"ही माझी टीप आहे," त्या म्हणाल्या. "ही तर तिची झोळी. कापलीस?"

मुलीला कळेना. तो आईचा एप्रन होता, गॅलरीच्या दारामागे टांगलेला, कडक झालेला, वास मारणारा. आई गेल्यानंतर दहाव्या दिवशी तिने कपाटं रिकामी केली तेव्हा चांगले कपडे वाटून टाकले आणि विरलेल्यांची फडकी केली. हा एप्रन तिला विचित्र वाटला होता: पोटावर एक मोठा खिसा, त्याच्या मधोमध उभी फट, आणि फटीला कोटाची दोन भलीमोठी बटणं. आईने काहीतरी जुनं जोडून शिवलं असेल, असं समजून तिने ती बटणं तेवढी काढून डबीत ठेवली आणि आईच्याच कात्रीने एप्रनचे आठ तुकडे केले. त्यातल्याच तुकड्यांनी ती गेले पाच दिवस पिल्लांची पोटं पुसत होती.

"अगं, त्या मास्तरणीला उताणी घालायची त्यात," काकू म्हणाल्या. "पाय आत बांधले जातात, बटणं लावली की फटीतून नुसतं पोट वर. मग बसायचं खुर्चीत आणि पिल्लं सोडायची पोटावर. ती बया आजवर एका वेतालासुद्धा आपणहून पाजायला बसलेली नाही. तुझ्या आईने चार वेतं त्या झोळीत वाढवली. मी म्हणायचे, काढून टाक ती हडळ. तर म्हणायची, लोकर बघ तिची." त्यांनी फडकं तिला परत दिलं. "रोज सकाळी. तेवढा वेळ तिला हाक मारून उपयोग नसायचा. मी दार वाजवलं तर आतून ओरडायची, मांडी अडकलीय."

मुलीने पिल्लू खोक्यात ठेवलं. दोन्ही हात फडक्याला पुसले, मग ते कशाला पुसतोय हे पाहून फडकं खाली ठेवलं.

"एकटीच करायची?"

"एकटीच. तुझे बाबा समोर बसून पेपर वाचायचे."

काकू मशीनवर नवी झोळी शिवायला गेल्या. माप त्यांच्या डोक्यात होतं. फक्त बटणं दे म्हणाल्या. मुलीने डबी काढली. काकूंकडे जाण्याआधी ती गॅलरीत थांबली. वडील गवताच्या काड्या निवडत होते, लांब एकीकडे, आखूड एकीकडे. तिने बटणं त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवली. दोन. तपकिरी, चार-चार भोकांची.

ते बटणांकडे बघत राहिले.

"मी एप्रन कापत होते तेव्हा तुम्ही समोर बसला होतात," ती म्हणाली.

"हो."

तिला आठवलं. कात्री पहिल्यांदा चालली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला होता. तिला वाटलं होतं, गरम असेल.

"तेव्हा कुठे पिल्लं होती," वडील म्हणाले. "तुझ्या आईचं एकेक कापलं जातंय, तर जाऊ दे, म्हटलं."

"आणि मंगळवारी?"

त्यांनी एक काडी उचलली. ती लांब का आखूड ते त्यांना ठरवता येईना. कंपामुळे ती हवेत लिहीत असल्यासारखी हलत राहिली.

"मंगळवारी बोललो असतो, तर बुधवारी तू गेली असतीस."

गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तशा आवाजात ते हे बोलले. तिला वाटलं होतं की आपण चिडू. निदान आवाज तरी चढेल. पण बॅग कपाटावर ठेवताना हे हात किती कापले असतील, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"एक मेलं, बाबा."

"हो," ते म्हणाले. "मोजतो मी रोज."

संध्याकाळी काकूंनी झोळी आणली. आतून जुनी मऊ चादर, बाहेरून जाड कापड, आणि वर तीच दोन बटणं. पहिल्यांदा मुलीने घातली. मास्तरणीला मागून उचलून, उताणी करून, काकू सांगतील तसे पाय आत सारले आणि बटणं लावली. मास्तरणीने एक झटका दिला, मग दुसरा, जरा हलका. मग तिचं नाक तेवढं हलत राहिलं. लांब लोकर बाजूला केल्यावर पोट दिसलं, थुलथुलीत, आणि काकूंनी दोन बोटांनी दाबून पाहिलं. पाचवा दिवस होता.

पहिलं पिल्लू पोटावर ठेवलं. ते डोकं घुसळत राहिलं, इकडे, तिकडे, आणि एकाएकी थांबलं. त्याचा सगळा देह एका ठिकाणी खेचल्यासारखा झाला. दुसऱ्याने त्याच्यावर चढून शेजारची जागा धरली. तिसरं नुसतंच चाचपडत राहिलं. तिने बोटाने त्याचं तोंड दोनदा नेऊन लावलं, तेव्हा कुठे ते लागलं. आवाज येत होता, बारीक, किंचित चुकचुकल्यासारखा. तीन मिनिटं, फार तर चार. पिल्लं गळून बाजूला पडली तेव्हा त्यांची पोटं ताणली गेली होती आणि पातळ कातडीखाली दूध पांढरं दिसत होतं. पाच दिवसांत सिरिंजने एकदाही असं दिसलं नव्हतं.

तेवढा वेळ ती हलू शकली नव्हती. पायाला मुंग्या आल्या, कपाळावर केस आले, फोन वाजून बंद झाला. समोर दोरीवरचे कपडे आणि त्यांच्यामधून दिसणारी आभाळाची एक चिंचोळी चीर. आई हेच बघत असणार. रोज सकाळी, आणि रविवारीही.

रविवारी सकाळी गाडीला दोन तास होते. तिने वडिलांना खुर्चीत बसवलं आणि झोळी त्यांच्या पुढ्यात धरली.

"मला नाही जमणार," ते म्हणाले. "गाठ मारता येत नाही मला. मागे तर नाहीच."

खरंच होतं ते. तिने क्षणभर विचार केला, नाड्या त्यांच्या पाठीमागे सैलशा बांधल्या, मग गाठ न सोडता झोळी डोक्यावरून काढली, आणि ती गाठ आणखी दोनदा आवळून बांधली.

"ही सोडायचीच नाही. डोक्यावरून घालायची, डोक्यावरून काढायची."

"आणि बटणं?"

बटणं मोठी होती. कंपासहित लावता येतील एवढी. पहिलं लावायला त्यांना बराच वेळ लागला, आणि ती हात पाठीमागे धरून उभी राहिली. मास्तरीण दंडांखाली दबून होती; दंड मुळीच कापत नव्हते. बोटं कापत होती, पण आता धरायचं काम झोळीचं होतं. दुसरं बटण लागलं. मग त्यांनी एकेक पिल्लू खोक्यातून उचललं, ओंजळीत, कप धरावा तसं दोन्ही हातांनी, आणि पोटावर ठेवलं. तिसऱ्याचं तोंड त्यांनाही दोनदा लावावं लागलं.

तिने स्टूल सरकवून कपाटावरून बॅग काढली. पुन्हा गॅलरीच्या दाराशी आली तेव्हा ते तसेच बसले होते, ताठ, मान जरा पुढे. दुपारी काकू डोकावणार होत्या. डॉक्टरांचा नंबर कॅलेंडरवर लिहिला होता, आईच्या गोलाच्या खाली. ती निघते म्हणाली. ते उठायला गेले आणि तिथेच थांबले. खुर्चीच्या हातांवर टेकलेले त्यांचे तळवे पुन्हा झोळीवर आले.

"रविवारी फोन करेन," ती म्हणाली. "उशिरा. याच्यानंतर."

त्यांनी मान हलवली. तिच्याकडे पाहिलं नाही. पिल्लं सुटतील म्हणून ते खालीच बघत होते.

"दार ओढून घे, बारके," ते म्हणाले. "वाऱ्याने बिचकते ती."

तिने ओढून घेतलं. दार फुगलेलं होतं, नीट बसायला दोनदा ओढावं लागायचं. दुसऱ्यांदा तिने ते हळू ओढलं.